'१९८४' ही कादंबरी वाचायची का?

वाचाच. पण भविष्यवाणी म्हणून नको. नवे वाचक हमखास इथेच घसरतात: पानापानावर आजच्या बातम्या शोधत बसतात आणि तिचा नायक विन्स्टन स्मिथ हा माणूस हातून निसटतो. जॉर्ज ऑर्वेलची ही कादंबरी १९४९ साली आली. युद्धानंतरचं पडकं, रेशनवरचं लंडन आणि स्टालिनच्या रशियात फोटोंतून पुसली जाणारी माणसं तिच्यामागे आहेत. विन्स्टनची नोकरीच मुळी जुनी वर्तमानपत्रं सत्तेला हवी तशी 'दुरुस्त' करण्याची. मला विचाराल तर पुस्तकातली सगळ्यात भेदक कल्पना हीच. भिंतीवरच्या पोस्टरांतला सत्ताधीश 'बिग ब्रदर' नंतर.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- पहिला भाग संथ आहे. विन्स्टनच्या ऑफिसातल्या ज्यूलियाची चिठ्ठी येईपर्यंत तरी सोडू नका.
- मध्ये सत्तेनं शत्रू ठरवलेल्या गोल्डस्टाइनच्या पुस्तकातले लांबलचक उतारे येतात. बरेच जण तिथेच पुस्तक मिटतात. पहिल्या वाचनात ते भरभर उलटलेत तरी बिघडत नाही.
- 'न्यूस्पीक' या सत्तेनं घडवलेल्या भाषेवरचं शेवटचं परिशिष्ट मात्र गाळू नका. ते भूतकाळी क्रियापदांत का लिहिलंय, यावर आधी स्वतः डोकं चालवा, मग इतरांचं वाचा.

इंग्रजीची धास्ती नको, वाक्यं साधी आहेत. तरी जड गेलं तर आधी ऑर्वेलचंच 'अ‍ॅनिमल फार्म' घ्या, छोटंसं आहे. ऑर्वेल समाजवादाचा शत्रू होता असं कुणीतरी सांगेलच. तो स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणवत असे. 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' लिहिणाऱ्या हक्सलीशी तुलना वगैरे पुढे कधीतरी. आणि तिसरा भाग रात्री झोपताना उघडू नका, छळाचे प्रसंग खरोखर अंगावर येतात.