१/२४ लँड रोव्हर १०९: एक चाक टेकत नाही, तर रंग बाजूला ठेवा आणि आधी चासी बघा

तुमची पोस्ट वाचली. लँड रोव्हर सिरीज थ्रीचा १/२४ प्रमाणातला प्लास्टिक मॉडेल किट, १०९ इंची लांब व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर), बॉडी अजून सुटी. पुढचं डावं चाक टेकत नाही, त्याच्याखालून पोस्टकार्ड आरपार जातं. शिवाय खिडक्या पांढुरक्या झाल्यात, हिरवा रंग आठवड्यानंतरही बोटाला चिकटतोय आणि मडगार्डांवर गंज कसा दाखवायचा असं विचारलंय. चाकाचा हा त्रास मला चांगलाच ओळखीचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. भाग कापणं, घासणं, धुणं हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. बाकी तीन प्रश्न सोपे आहेत, ते शेवटी घेऊ.

रागाने सांगायची गोष्ट आधी सांगतो. बहुतेक किटची सूचनापत्रिका चासी (गाडीचा खालचा सांगाडा), पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), एक्सल (दोन चाकांना जोडणारे आडवे दांडे) सुरुवातीच्या पायऱ्यांत कायमचे चिकटवायला लावते आणि चाकं येतात अगदी शेवटी. सेडान गाडीच्या किटमध्ये हे खपून जातं. शिडीसारखी चासी, चार पाटे आणि दोन अखंड एक्सल असलेल्या गाडीत हा क्रम घातक आहे. प्रत्येक जोडात थोडी चूक राहते, ती साठत जाते आणि दिसते तेव्हा दुरुस्तीची वाट बंद झालेली असते. मग माणसं मॉडेल पाटावर दाबून चिकटवतात किंवा तीन टायर खालून घासून सपाट करतात. दोन्ही करू नका. जुनी फोर-बाय-फोर ओळखू येते ती उभी राहण्याच्या ढबीवरून. १/२४ मध्ये १ मिमी फट म्हणजे खऱ्या गाडीत २४ मिमी, आणि ती टेबलावर लगेच डोळ्यात भरते.

आता दोष कुठे आहे ते शोधा. त्याआधी सिमेंटची, म्हणजे प्लास्टिक वितळवून जोडणाऱ्या गोंदाची, बाटली उघडूच नका.

जाड सपाट काच घ्या, ५ मिमीची चालेल. लाकडी टेबलावर किंवा कटिंग मॅटवर भरवसा ठेवू नका, मॅट उन्हात वाकते. चाकं नुसती अडकवून चासी काचेवर उभी करा आणि पुढच्या डाव्या चाकावर हलकं बोट ठेवा. मागचं उजवं उचललं गेलं तर चासी किंवा एक्सल पिळलेला आहे. आता पुढची दोन चाकं आपसात बदला. फट चाकाबरोबर उजवीकडे गेली तर दोष चाकाचा. टायर रिमवर पुरता बसलेला नसतो, किंवा साच्याची रेघ राहिलेली असते. फट डावीकडेच राहिली तर पुढे वाचा.

चासी नुसती काचेवर आडवी ठेवून तपासता येत नाही, कारण या गाडीची चासी एक्सलच्या वर उचललेली असते, सरळ पट्टी नसते. त्यासाठी सुतारांची रीत वापरा. १५ सेमीच्या दोन स्टीलच्या पट्ट्या घ्या. एक पुढच्या भागात दोन्ही दांड्यांवर आडवी ठेवा, दुसरी मागे तशीच. एक डोळा मिटून पुढून बघा. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा समांतर दिसल्या तर चासी सरळ. एका टोकाला कडा फाकलेल्या दिसल्या तर चासी पिळलेली. पट्टी चासीच्या रुंदीच्या कितीतरी पट लांब असल्याने बारीक पीळही मोठा होऊन दिसतो. नुसत्या डोळ्याला जो कळत नाही, तो इथे लपत नाही.

चासी पिळलेली निघाली तर गरम पाणी. उकळतं नको. किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, ते १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि बारीक भाग त्याआधीच वाकतात. ६५ ते ७० अंशांचं पाणी पसरट भांड्यात घ्या, चासी अर्धा मिनिट बुडवा, दोन्ही टोकं धरून पिळाच्या उलट दिशेला हवं त्याहून किंचित जास्त वळवा आणि तशीच धरून थंड पाण्यात घाला. प्लास्टिक थोडं मागे फिरतं, म्हणून ते किंचित जास्त. एका वेळेत पुरं होत नाही, पट्ट्या ठेवून पुन्हा बघा. मात्र सिमेंटचे जोड कच्चे असताना हे करू नका. किमान एक पूर्ण दिवस जाऊ द्या, नाहीतर जोडच सरकतील.

चासी सरळ आहे आणि तरी चाक हवेत आहे, असं असेल तर एक्सल पाट्यांवर तिरका बसलाय. तुम्ही तो पातळ सिमेंटने चिकटवलाय असं फोटोवरून वाटतं. तो जोड प्लास्टिक वितळून एकजीव झालेला असतो. मॉडेल फ्रीजरमध्ये ठेवून जोड सोडवायची युक्ती फेव्हिक्विकला लागू पडते, सिमेंटला नाही. त्यामुळे बारीक दातांच्या रेझर सॉने एक्सल पाट्यांपासून वेगळा करावा लागेल. यू-बोल्टचे (एक्सल पाट्याला आवळणाऱ्या बोल्टांचे) उठाव खराब होतील, ते ०.५ मिमी तारेने नंतर पुन्हा करता येतात. करवत पाट्यात न जाता एक्सलच्या बाजूला चालेल असं बघा, पाटा तुटला तर काम दुप्पट होतं.

मग एक्सल आणि पाट्याच्या मध्ये प्लास्टिकची पातळ पट्टी घालायची, पण किती जाड? चाकाखालच्या फटीएवढी नाही, इथे बरेच जण चुकतात. पाटे चाकांपेक्षा आतल्या बाजूला असतात, म्हणून पाट्यापाशी दिलेली जाडी चाकापर्यंत वाढत जाते. हिशोब असा: फट गुणिले दोन पाट्यांमधलं अंतर, भागिले दोन चाकांमधलं अंतर. खऱ्या १०९ मध्ये दोन चाकांतलं अंतर साधारण ५१.५ इंच, म्हणजे १/२४ ला ५४.५ मिमी. पाट्यांमधलं अंतर तुमच्या किटवर मोजा. समजा ते ३६ मिमी आलं आणि फट ०.८ मिमी, तर पट्टी साधारण ०.५ मिमी. आता ही सगळी एकाच जागी घालू नका, नाहीतर एक कोपरा वेगळाच दिसतो. ०.२५ पुढे डाव्या बाजूला आणि ०.२५ मागे उजव्या बाजूला, म्हणजे जी दोन चाकं कमी पडतात त्या तिरक्या जोडीला वाटून द्या. हे करायचं तर मागचा एक्सलही सोडवावा लागेल. माझ्या मते तेवढं करावं.

अजून एक घोळ इथेच होतो. एक्सल पाट्याच्या खाली असेल तर मध्ये घातलेली पट्टी चाक खाली ढकलते. एक्सल पाट्याच्या वर असेल तर तीच पट्टी चाक वर उचलते, आणि मग ती त्याच एक्सलच्या दुसऱ्या बाजूच्या पाट्यावर घालावी लागते. किट हातात घेऊन बघा, चित्रावरून ठरवू नका. फट मोजायला साधा ८० जीएसएमचा कागद पुरतो. एक पान साधारण ०.१ मिमी, कागदाच्या पट्ट्या एकावर एक सरकवत मोजत जा.

पुन्हा चिकटवताना पातळ सिमेंट नको, ते काही सेकंदांत पकडतं. ट्यूबमधलं किंवा बाटलीतलं दाट सिमेंट घ्या, पाच-दहा मिनिटं हलवायला मिळतात. काचेखाली आलेख कागद ठेवा, त्यावर मधली रेघ आणि तिला काटकोनात एक्सलच्या दोन रेघा काढा. १०९ इंच म्हणजे २७६९ मिमी, १/२४ ला ११५.४ मिमी. ८८ इंची गाडी करणाऱ्यांनी ९३.१ धरावं. चारही चाकं अडकवून गाडी रेघांवर उभी करा आणि दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर एक्सल वरून बघताना तिरका आहे. चासीच्या मध्यावर दहाच्या चार-पाच नाण्यांचं वजन ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी चारही टायरांखाली कागदाची पट्टी ओढून बघा, चौघांनी सारखीच धरायला हवी. पट्टी सुटली तर अजून काम बाकी आहे.

एक्सल सुटलेच आहेत तर डिफरन्शियलचा गोळाही (एक्सलवरचा गिअरांचा फुगीर डबा) बघून घ्या. सिरीज गाड्यांत तो पुढे आणि मागे दोन्हीकडे मध्यावर नसतो, गाडीच्या उजव्या बाजूला सरकलेला असतो. एक्सल उलटा बसला तर गोळा डावीकडे येतो आणि प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद एक्सलला पोचवणारा दांडा) तिरका जातो. सरकवून बसवलेला शाफ्ट नंतर एक्सलला ढकलत राहतो.

खऱ्या सिरीज गाड्यांत ड्रायव्हरच्या बाजूचे पाटे वेगळे असायचे, त्यामुळे रिकामी गाडी किंचित एका अंगाला दिसते, हे खरं आहे. पण चाक हवेत राहण्याचं ते समर्थन होऊ शकत नाही. झुकलेल्या गाडीचीही चारही चाकं जमिनीवरच असतात.

एवढं झाल्यावर बॉडी. बॉडीची फरशी वाकडी असेल तर सरळ केलेली चासी ती पुन्हा पिळते, म्हणून बॉडी आधी नुसती रबरबँडने बांधून काचेवर कागदाची चाचणी परत घ्या. फट आली तर बॉडीच्या टेकूंखाली पट्ट्या घाला, चासी वाकवून बसवू नका.

टायर मऊ व्हिनाइलचे असतील तर अजून एक काळजी. व्हिनाइलमधला तेलकट अंश पॉलिस्टायरीनला खातो. वर्षा-दोन वर्षांत रिम चिकट होऊन विरघळायला लागतं, आणि टायर त्यात खचला की गाडी पुन्हा वाकडी. टायर साबणाने धुवा आणि रिमवर टायर टेकतो तिथे ॲल्युमिनियम फॉइलची पातळ पट्टी गुंडाळा. नुसत्या रंगाच्या थराने भागतं असं काही जण म्हणतात, मला त्याची खात्री वाटत नाही.

आता बाकीचे प्रश्न. खिडक्या फेव्हिक्विकच्या वाफेने पांढरट झाल्यात. २००० आणि मग ३००० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने घासा, पॉलिशिंग कंपाउंड लावा, शेवटी पारदर्शक चकचकीत ॲक्रिलिक वॉर्निशमध्ये बुडवून धूळ न बसेल असं झाकून वाळवा. बसवताना फेव्हिकॉलचा पातळ थर पुरतो, वाळल्यावर तो दिसत नाही. काच तडकलीच असेल तर सुटा भाग मागवून बघा, पण डबा उघडला की जबाबदारी संपली असं सांगणाऱ्या विक्रेत्याच्या ऑफिसला फोटोंवर फोटो पाठवत बसू नका, त्यात महिने जातात. पारदर्शक ओएचपी शीट कापून सपाट काच एका संध्याकाळी होते. आणि परदेशातून भाग मागवताना त्याच पार्सलमध्ये सिमेंट किंवा थिनर टाकू नका. ज्वलनशील द्रव हवाई टपालाने चालत नाहीत, सगळंच अडकून पडतं.

चिकट रंग हा जाड दिलेला इनॅमल (सावकाश सुकणारा तेलकट रंग) आहे. वरून सुकतो, आत ओला राहतो. त्यावर दुसरा हात देऊ नका, हेअर ड्रायरही नको. कोरड्या, उबदार खोलीत झाकून आणखी दोन आठवडे ठेवा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हा त्रास ठरलेलाच, आणि लॅकर मारला तर तो दमट हवेने पांढरा पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये मी तरी चासीचं काम करावं आणि रंग ऑक्टोबरवर टाकावा असंच सांगेन. एसी चालणारी खोली असेल तर गोष्ट वेगळी. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर उघड्या प्लास्टिकवर नेऊ नका, तो पृष्ठभाग खातो. ब्रश धुवायला ठीक आहे.

आणि मडगार्डांवर गंज दाखवू नका. लँड रोव्हरची मडगार्डं, बॉनेट, दारांचे पत्रे बर्माब्राइट या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहेत, त्यांना तांबूस गंज चढत नाही. तो येतो चासीला, इंजिन आणि केबिनच्या मधल्या पोलादी भिंतीला, पाय ठेवण्याच्या खोलगट जागांना, दारांच्या आतल्या चौकटींना. मिश्रधातू पोलादाला चिकटून असतो तिथे रंग फुगतो आणि खाली पांढरट भुकटी दिसते. बॉडीच्या वरच्या कडांवर जस्ताचा मुलामा दिलेल्या पट्ट्या असतात, त्या निस्तेज करड्या ठेवा. मडगार्डावर रंग खरवडलेला दाखवायचाच तर खाली फिका, चमक नसलेला ॲल्युमिनियम रंग येऊ द्या.

खाली एकाने विचारलंय की दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या किटपासून जुनी महिंद्रा करता येईल का. युद्धकालीन जीपच्या, म्हणजे विलिस एमबीच्या, पुढच्या जाळीला नऊ फटी असतात, हेडलाइट आत आणि लहान, मागे फळी उघडत नाही. मुंबईत महिंद्राने बनवलेल्या सीजे-३बी ला सात फटी, मोठे दिवे, उघडणारी मागची फळी आणि उंच इंजिनामुळे वर उचललेलं बॉनेट. बॉनेट, जाळी आणि मागची बाजू नव्याने घडवावी लागेल. व्हीलबेस मात्र दोन्हींचा ८० इंचच, त्यामुळे चासी वापरता येईल. १/३५ ला ती ५८ मिमी येते, आणि काचेवरची कागदाची चाचणी तिलाही तशीच घ्या.