मजकूर आधी

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. स्क्रीन आखायचं फिग्मा पक्कं करू, थ्रीडी चित्रांचं ब्लेंडर शिकू की कोडिंगच्या क्लासला जाऊ, आणि एआय सगळंच करणार असेल तर या डिझाइनच्या अभ्यासक्रमाला अर्थ काय, असं विचारतेस. उत्तर लिहिण्याआधी तू जोडलेलं पुण्याच्या बसचं ॲप उघडलं. १८ स्क्रीनपैकी १६ इंग्रजीत आहेत आणि त्यांतही खऱ्या मजकुराच्या जागी नुसती जागा भरायला टाकलेलं निरर्थक लॅटिन भरताड आहे. उरलेल्या दोन मराठी स्क्रीनवर अक्षरं मोडलेली. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. मजकूर आधी. खरा, मराठी, याच गावातला.

तुझं ‘कर्वेनगर’ मोठं करून बघ. शीर्षकाला लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, दिल्यामुळे शिरोरेषा चार ठिकाणी तुटली आहे. लॅटिन अक्षरं सुटी उभी राहतात, आपली एका रेषेला धरून असतात, म्हणून मराठीत तो आकडा शून्य. खाली ‘कोंढवा’चा अनुस्वार छाटला गेलाय, कारण लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या मापाच्या १ पट ठेवून चौकटीबाहेरचं लपवलंयस. देवनागरीला वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार एवढी जागा लागते. १.५पासून सुरू कर, सलग परिच्छेदाला १.७ दे. १२ पिक्सेलच्या ठळक बटणात ‘क्ष’ आणि ‘ष्ट’ची पोटं भरून काळे ठिपके होतात, १६च्या खाली जाऊ नकोस. आणि ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ तुझ्या बटणात मावतच नाही, कारण बटण तू इंग्रजीतल्या चार आद्याक्षरांवरून मापलंस. चूक फिग्माची नाही. मांडणी आधी आणि मजकूर नंतर, ही चूक आहे.

यापुढे कुठलाही फॉन्ट निवडताना हे थांबे लिहून बघ: कर्वेनगर, कोंढवा, विश्रांतवाडी, कृषी महाविद्यालय, रूबी हॉल. यात जो नापास होईल तो फॉन्ट सोडून दे, कितीही देखणा असला तरी. पानाच्या कोडमध्ये भाषा ‘mr’ (मराठीची खूण) लिहायला विसरू नकोस. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे, त्यात त्याने मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ उमटतात. छपाईची पानं इनडिझाइनमध्ये लावशील तेव्हा त्यातली वर्ल्ड-रेडी कंपोझर ही जुळणीची सोय लाव, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते.

कोडिंग शिकच, पण यासाठी शिक. ‘स्त्री’ आपल्या डोळ्यांना एक अक्षर; युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या सामाईक संकेतांकांच्या यादीत, ते सहा संकेतांक आणि ते साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत १८ बाइट. ‘नाव २० अक्षरांत लिहा’ असा रकाना करशील तेव्हा नेमकं काय मोजतेस, ते ठाऊक हवं. ‘फेऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी साठवता येतो: खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असलेल्या ‘ऱ’ने किंवा पाय मोडलेल्या साध्या ‘र’पुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही सारखेच, पण शोधपेटीला ते वेगळे. शोधण्याआधी दोन्ही एकाच रूपात आणले नाहीस, तर समोर असलेला शब्द सापडणार नाही. थांब्यांची यादी नुसत्या संकेतांकांनी लावलीस, तर ‘कळस’ ‘कसबा पेठे’च्या आधी येतं. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर आहे, म्हणून मराठी वर्णक्रम मुद्दाम सांगावा लागतो. हे कोणत्याही सॉफ्टवेअरच्या क्लासमध्ये सांगत नाहीत, याचा मला राग आहे.

एआयला घाबरू नकोस. त्याच्याकडून पोस्टर करून घे आणि प्रत्येक जोडाक्षर बोट ठेवून वाच. ते वाचता येणं ही तुझी विद्या.

या हट्टापायी लोक मला आडमुठा म्हणतात. म्हणोत. ज्या पुण्यात १९८८मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था सुरू झाली, भारतीय लिपी संगणकावर आणण्याचं मोठं काम झालं, त्याच पुण्यात आमच्या पिढीने वर्षानुवर्षं मराठी मजकूर ज्याच्या-त्याच्या फॉन्टच्या खासगी संकेतांकांमध्ये कोंडून ठेवला. इस्की हे भारतीय लिप्यांच्या संकेतांकांचं प्रमाण १९९१पासून होतं, तरी छपाई नीट येतेय ना, मग झालं, एवढंच आम्ही पाहिलं. आज तो फॉन्ट नसला की फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचं गिचमिड दिसतं. शोधता येत नाही, चिकटवता येत नाही. दिसण्याला आम्ही मजकुरापेक्षा मोठं मानलं. त्याची खंत जात नाही, म्हणून तुझ्यावर एवढा ओरडतोय. तुझ्या रंगांची निवड फार चांगली आहे, हे सांगायचं राहूनच जात होतं. हात चांगला आहे तुझा, म्हणून तर ही चिडचिड.

आता कर एवढंच. स्वारगेटला जा, तासभर उभी राहा आणि बसच्या पाट्यांवरचा मजकूर जसाच्या तसा वहीत उतरव, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसकट. लोक चौकशीच्या खिडकीशी काय विचारतात, तेही त्यांच्याच शब्दांत लिही. ‘गंतव्यस्थान निवडा’ असं तिथे कोणी बोलत नाही. ‘हडपसरला कुठली जाते?’ असं विचारतात. मग १८ नाही, तीनच स्क्रीन कर: शोध, थांबा, पुढची गाडी. स्वस्तातल्या फोनवर, भर उन्हात, घरातल्या साठीपुढच्या कुणाच्या तरी हातात दे आणि गप्प उभी राहा. जिथे ते अडखळतील ती जागा लाल पेनाने खूण करून मला पाठव. सॉफ्टवेअर कुठलं, ते त्या खुणा पाहून बोलू.

तुझा,
सर