तीन जन्मतारखा, वाढदिवस कोणता?

प्रश्न: आमच्या तालुक्यातल्या एएनएम (साहाय्यक परिचारिका प्रसाविका) प्रशिक्षण केंद्राची पन्नाशी साजरी करायची आहे. पाटीवर 1975 लिहिलंय, निवृत्त सिस्टर 1977 म्हणतात, जिल्ह्याच्या कागदांत तिसरंच साल आहे. धरायचं कोणतं? (यवतमाळ जिल्हा)

उत्तर: तिन्ही खरी असू शकतात. सरकारी मंजुरीचं साल एक, पहिल्या मुली दाखल झाल्या ते दुसरं, आणि नर्सिंग कौन्सिलची मान्यता मिळाली ते तिसरं. पाटीवर बहुधा मंजुरीचं साल चढतं, कारण पाटी रंगवणाऱ्याच्या हातात तोच कागद असतो. आमच्या मते पहिल्या बॅचच्या प्रवेशाचा दिवस धरावा. सोहळा शिक्षणाचा आहे, शासन निर्णयाचा नाही. बाकीची दोन सालंही स्मरणिकेत छापा, म्हणजे पुढच्यांचा घोळ टळेल.

प्रवेश रजिस्टर सापडत नसेल तर विद्यावेतनाचं रजिस्टर, वसतिगृहाचा किराणा हिशेब आणि डेड स्टॉक रजिस्टर (कायम टिकणाऱ्या सामानाची नोंदवही) काढा. डेड स्टॉकमध्ये खाटा आणि बाळंतपण शिकवायची बाहुली कधी चढली, त्यावरून केंद्र खरंच कधी सुरू झालं ते कळतं. पहिल्या बॅचच्या सिस्टरांकडची प्रमाणपत्रंही पाहा. तारखेबरोबर शिक्काही वाचा. 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्यानंतर नोंदणी साऱ्या राज्यासाठी एक झाली. त्याआधी विदर्भात मध्यप्रांताच्या वेळचा कायदा चालू होता.

बॅच मोजून वर्षं काढू नका. एएनएमचा अभ्यासक्रम आधी दोन वर्षांचा होता, 1977 पासून दीड वर्षाचा झाला आणि अलीकडे पुन्हा दोन वर्षांचा. जिथे जुनी बॅच बाहेर पडल्यावरच नवी घेत, तिथे पंचविसावी बॅच म्हणजे पंचवीस वर्षं होत नाहीत. निम्म्या स्मरणिका इथेच चुकतात.

प्रश्न: जुने फोटो मिळाले, पण मागे काहीच लिहिलेलं नाही. साल कसं ओळखावं? (वाशीम)

उत्तर: चेहऱ्यांआधी भिंती आणि पाट्या वाचा. पाटीवर ‘मध्यप्रदेश’ असेल तर फोटो 1 नोव्हेंबर 1956 च्या आधीचा. ‘मुंबई राज्य’ असेल तर तिथपासून एप्रिल 1960 पर्यंतचा. ‘जिल्हा परिषद’ दिसली की 1 मे 1962 नंतरचा. जिल्ह्यांची नावंही कामी येतात: गडचिरोली जिल्हा 1982 चा, तुमचा वाशीम 1998 चा, गोंदिया 1999 चा. ‘वाशीम, जि. अकोला’ असं दिसलं तर 1998 च्या आधीचा. जुनी पाटी काही दिवस तशीच राहते, म्हणून दोनचार वर्षांची सूट ठेवा.

कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण भिंतीवर असेल तर फोटो 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धानंतरचा. दोन टोकांच्या सुईने देवीची लस टोचताना दिसली तर बहुधा 1977 च्या आधीचा, कारण त्या वर्षी भारत देवीमुक्त जाहीर झाला. गणवेशावरून मात्र साल ठरवू नका. पांढरी साडी, फ्रॉक आणि टोपी यांचा बदल प्रत्येक संस्थेत वेगवेगळ्या वेळी झाला.

प्रश्न: रजिस्टरांना कसर लागली आहे, फोटो काचेला चिकटलेत. शिक्षक म्हणतात लॅमिनेशन करून टाकू. (बुलडाणा जिल्हा)

उत्तर: लॅमिनेशन नको. उष्णतेने प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं, नंतर सुटत नाही. सेलोटेपही नको, चिकट द्रव्य कागदात मुरून पिवळा पट्टा पडतो.

काचेला चिकटलेला फोटो ओढलात तर चित्र काचेवरच राहतं. फ्रेमसकट सकाळी सावलीत उभी करा, फ्लॅश बंद ठेवा, कॅमेऱ्यामागे काळं कापड धरा म्हणजे काचेत आपलंच प्रतिबिंब उमटत नाही, आणि काचेवरूनच कॅमेऱ्याने टिपा. सुटे फोटो 600 डीपीआयला (दर इंचाला 600 ठिपके) स्कॅन करा, रजिस्टरला 300 पुरे. मागच्या कडेला मऊ पेन्सिलने नावं लिहा. बॉलपेनने दाब उमटतो आणि शाई पुढे येते.

रजिस्टरं उन्हात वाळवायची आपल्याकडे सवय आहे. मे महिन्याच्या उन्हात कसर पळते, पण शाईही उडते. सावलीत, वारा असेल तिथे, पान न् पान उघडून मऊ ब्रशने झाडा. डांबरगोळ्या कापडात बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, कागदाला लागू देऊ नका. ओला कडुलिंब पानांत घातला तर डाग पडतात. आणि सर्वांत मोठा शत्रू कूलर! कूलरच्या खोलीतली दमट हवा फोटो एकमेकांना चिकटवते आणि बुरशी आणते. 12 मे च्या परिचारिका दिनाला प्रदर्शन लावणार असाल तर मूळ फोटो कपाटात ठेवून छापील प्रती मांडा आणि सकाळी नऊपर्यंत उद्घाटन आटपा. त्या दिवसांत टिनाच्या शेडमध्ये दुपारी कोणी थांबत नाही.

प्रश्न: विदर्भात नर्सिंगचं शिक्षण मिशनऱ्यांनीच आणलं, असं भाषणात म्हणावं का? (अमरावती जिल्हा)

उत्तर: ‘ही’ म्हणा, ‘च’ नको. मिशनचा वाटा मोठा आहे. नागपूरचं मुर मेमोरिअल आणि वाशीमचं रेनॉल्ड्स मेमोरिअल ही मिशनची रुग्णालयं ठळक. पण 1885 मध्ये उभारलेल्या लेडी डफरीन निधीच्या उद्देशांतच नर्स आणि सुईणी शिकवणं होतं. अमरावतीत आजही बायका ‘डफरीन’ दवाखान्यात जातात. 1921 मध्ये कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी नागपुरात मातृसेवा संघ सुरू केला. कमलाताई स्वतः शिकलेल्या परिचारिका होत्या. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय 1945 मध्ये 15 खाटांवर सुरू झालं, डॉ. सुशीला नायर यांच्या हाताखाली. नर्सिंगचं शिक्षण तिथेही रुजलं. गावच्या दायांना विसरू नका. शिकाऊ एएनएमच्या खेड्यातल्या कामाला दाईची ओळख लागायचीच. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ हे पाच नियम दायांच्या प्रशिक्षणातले आहेत. प्रदर्शनात एक दाई किट (बाळंतपणाच्या स्वच्छ सामानाचा संच) जरूर मांडा.

प्रश्न: विद्यार्थिनींची जुनी केसबुकं (बाळंतपणांच्या नोंदींच्या वह्या) मांडायची का? त्यांत बाळंतिणींची नावं आहेत. (चंद्रपूर जिल्हा)

उत्तर: उघडी मांडू नका. छायाप्रत काढा, नाव, गाव आणि जात यांवर काळी पट्टी ओढा, त्या प्रतीची पुन्हा छायाप्रत काढा आणि तीच मांडा. पहिल्या प्रतीत उजेडाकडे धरलं की नाव दिसतं.