वाचक विचारतात : तिघांना ओळीत उभं करू नका

प्रश्न : आमच्या लघुपटात आई, मामा आणि मुलगा घर विकण्याबद्दल बोलतात. १० बाय १२ फुटांच्या खोलीत चित्रीकरण केलं. अभिनय चांगला झालाय, तरी दृश्य नाटकासारखं वाटतं. असं का?

उत्तर : तिघं भिंतीला समांतर, एका ओळीत उभे असणार. नाटकात ते खपतं, कारण कडेच्या खुर्चीवरूनही सगळ्यांचे चेहरे दिसावे लागतात. चित्रपटात बघणारा डोळा एकच, लेन्सचा. त्याच्यापुढची जागा जवळ अरुंद असते आणि लांब जाईल तशी रुंदावते.

कॅमेरा कोपऱ्यात, तीन फूट उंचीवर लावा. कर्णाची साडेपंधरा फूट लांबी हाताशी येते. आई दीड मीटरवर, फ्रेमच्या डाव्या कडेला, जमिनीवर भाजी निवडत बसलेली. मामा तीन मीटरवर खुर्चीत. मुलगा त्याच्या मागे, दारातल्या पायरीवर टेकलेला. मामा बोलेपर्यंत मुलगा त्याच्याआड पूर्ण झाकलेला राहू द्या. "सही करून टाक" म्हणत मामा पाण्याच्या तांब्यासाठी वाकला, की मागे मुलाचा चेहरा उघडा पडतो. कट न करता प्रेक्षकाची नजर तिथे जाते. मात्र वाकायला तहानेचं निमित्त हवंच. निमित्ताविना केलेली हालचाल लगेच खोटी दिसते.

'सिटिझन केन' या चित्रपटात (१९४१) आई आणि बँकवाला पुढे कागदपत्रं करतात, वडील मधे उभे, आणि ज्याच्या आयुष्याचा निर्णय होतोय तो मुलगा मागच्या खिडकीतून बर्फात खेळताना इवलासा दिसतो. हा प्रसंग आवाज बंद करून पाहाच.

प्रश्न : पण मागचा माणूस धूसर येतो.

उत्तर : फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स, एफ/८ (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान), फोकस अडीच मीटरवर ठेवा. साधारण सव्वा मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येईल. एफ/२.८ च्या तुलनेत उजेड मात्र आठपट लागतो, म्हणून हे दृश्य दिवसा, खिडकीच्या उजेडात घ्या.

प्रश्न : तालमीत जमतं, टेकमध्ये नट एकमेकांना झाकतात.

उत्तर : तालीम कॅमेऱ्याच्या शेजारी उभं राहून पाहिली असेल. लेन्सपासून दोन फूट बाजूला सरकलात की कोण कोणाआड जातो हे बदलतं, त्यामुळे तालीम मॉनिटरवरच, म्हणजे लेन्सला दिसतं तेच दाखवणाऱ्या पडद्यावर बघा. जागा पक्की झाली की प्रत्येक नटाच्या पायाशी वेगळ्या रंगाच्या टेपची टी-आकाराची खूण करा. खुर्चीच्या चारही पायांनाही करा, कारण बसता-उठता ती चार बोटं सरकते आणि मुलाचा चेहरा नको तेव्हा दिसू लागतो.