टेबल असताना एआयमध्ये ज्ञान ग्राफच्या रूपात का मांडतात? चॅटबॉटच्या काळात ते शिकून उपयोग काय?

तुम्ही लिहिलंय की अभ्यासक्रमात सिमँटिक नेटवर्क (म्हणजे ज्ञानाचा ग्राफ: गोल म्हणजे गोष्टी, बाण म्हणजे त्यांच्यातली नाती) आहे, गोल आणि बाणांची आकृती पाठ झाली आहे, पण हेच सगळं टेबलात का ठेवत नाहीत ते कळत नाही. मी डेटाच्याच कामात आहे, म्हणून उत्तर देतो.

गोल आणि बाण कोणीही काढेल. खरी डोकेफोड बाणावर काय लिहायचं याची आहे, आणि पुस्तकं नेमकी तिथेच आटोपतं घेतात.

करून बघा. कागदावर चार गोल काढा: भीमाशंकरच्या जंगलातलं एक विशिष्ट शेकरू (त्याला श-१ म्हणू), 'शेकरू', 'सस्तन प्राणी' आणि 'महाराष्ट्राचा राज्यप्राणी'. आता तीन बाण. श-१ हे शेकरू आहे. शेकरू सस्तन प्राणी आहे. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. तिन्ही वाक्यं बरोबर, तिन्हीकडे 'आहे'. आता मशीनला सांगा, बाणावरून बाणावर चालत जा आणि निष्कर्ष काढ. श-१ सस्तन आहे, हे ठीक. पण त्याच न्यायाने श-१ हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी ठरतो, आणि उद्या बिचारं मेलं तर राज्याला नवा राज्यप्राणी शोधावा लागेल!

घोळ असा की हे तीन बाण तीन जातींचे आहेत. पहिला एका जिवाला त्याच्या वर्गाशी जोडतो. दुसरा लहान वर्ग मोठ्या वर्गात बसवतो, आणि मोठ्या वर्गाचे गुण या बाणावरून खाली उतरतात. तिसरा अख्ख्या प्रजातीबद्दल बोलतो. ते बिरुद एकेका शेकराला लागत नाही. विकिडेटावर (विकिपीडियाच्या कुटुंबातला, सगळ्यांना खुला असलेला माहितीचा ग्राफ) यासाठी पी३१ (अमुक वर्गातलं एक) आणि पी२७९ (अमुक वर्गाचा उपवर्ग) असे दोन वेगळे गुणधर्म आहेत. तिथे आजही सर्वांत जास्त गोंधळ याच दोहोंत होताना मला दिसतो. दुखणं जुनं आहे. एआय संशोधक विल्यम वुड्स यांनी १९७५ मध्ये 'या दुव्यात नेमकं आहे काय' असा प्रश्न निबंधाच्या शीर्षकातच विचारला होता, आणि १९८३ मध्ये रोनाल्ड ब्राख्मन यांनी एकट्या 'आहे' या बाणावर अख्खा लेख लिहिला. परीक्षेत आकृतीला मार्क मिळतात हे खरं, पण समजून घ्यायचं ते हे.

आता टेबलाचं. रकाने आधीपासून माहीत असतील तर टेबलच वापरा. पगारपत्रक ग्राफमध्ये घालायचा खटाटोप करू नका. ग्राफ लागतो तो नात्यांची साखळी किती लांब जाईल हे आधी सांगता येत नाही तेव्हा. समजा, 'ज्यांचं पाणी शेवटी गोदावरीत जातं त्या सगळ्या नद्या' हव्या आहेत. मुळा प्रवरेला मिळते, प्रवरा गोदावरीला. मुळेलाही कोणी ओढा मिळत असेल, त्यालाही आणखी कोणी. एसक्यूएलमध्ये (टेबलांना प्रश्न विचारायची भाषा) हे होत नाही असं नाही, रिकर्सिव्ह क्वेरी, म्हणजे स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारा प्रश्न, लिहिता येते, पण हात दुखतात. विकिडेटाची क्वेरी-भाषा स्पार्कल. तिच्यात 'कोणाला मिळते' या गुणधर्मापुढे (तो पी४०३) अधिकचं चिन्ह टाकलं की काम झालं. साखळी दोन कड्यांची असो की नऊ.

पण ग्राफची एक खोड आहे, ती शिकवणाऱ्यांनी सांगायला हवी. एक बाण म्हणजे फक्त तीन गोष्टी: कोण, काय नातं, कोणाशी. वेळ कुठे ठेवायची? शंकरराव चव्हाण १९७५ ते १९७७ मुख्यमंत्री होते आणि पुन्हा १९८६ ते १९८८. 'शंकरराव चव्हाण, पद, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री' हा बाण दोन्ही वेळी अगदी सारखाच. चारही सालं त्यांच्या गोलाला टांगून ठेवलीत, तर १९७५ मधला कार्यकाळ १९७७ ला संपला की १९८८ ला, हे मशीनला कळायला मार्ग नाही. म्हणून प्रत्येक कार्यकाळाचा स्वतंत्र गोल करायचा आणि सालं त्याला जोडायची. विकिडेटात विधानालाच सुरुवात आणि शेवट चिकटवता येतात, ती सोय त्यातल्या त्यात बरी. या एका कारणाने साधी वाटणारी आकृती प्रत्यक्षात तिप्पट किचकट होते.

चॅटबॉटबद्दल थोडक्यात. तो वाक्य सुसंगत बनवतो, पण ते कुठून आलं ते दाखवेलच असं नाही. ग्राफमध्ये एकेका विधानाला संदर्भ लावता येतो, आणि चूक सापडली तर तेवढा एक बाण बदलायचा, चॅटबॉटमागच्या मॉडेलला पुन्हा शिकवत बसायचं नाही. म्हणून हल्ली दोन्ही जोडतात: माहिती ग्राफमधून काढायची, बोलायचं काम मॉडेलचं. गूगलने २०१२ च्या मे महिन्यात नॉलेज ग्राफ आणला तोच मुळी शब्द जुळवण्यापेक्षा वस्तू ओळखायच्या म्हणून. मराठीचा वर्डनेटही (शब्दांच्या अर्थांचं जाळं) याच जातीचा, तो आयआयटी मुंबईत झाला. तिथे गोल म्हणजे समानार्थी शब्दांचा संच.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा: ग्राफमध्ये बाण नाही म्हणजे ती गोष्ट खोटी आहे असं नव्हे, फक्त नोंदलेली नाही. मुलाखतीत हमखास विचारतात.

सुरुवात करायची तर विकिडेटाची क्वेरी सेवा ब्राउझरमध्येच चालते, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. वरची गोदावरीची क्वेरी लिहून बघा. एखादी नदी यादीत दिसली नाही तर क्वेरीत चूक शोधण्याआधी त्या नदीचं पान उघडा. पुष्कळदा तो बाण कोणी घातलेलाच नसतो. संपादन सगळ्यांना खुलं आहे, संदर्भ देऊन तुम्हीच घाला.