ग्वाल्हेरला आमच्याकडे आजोबांचा तंबोरा आहे. त्याची जोडाची तार (मधल्या दोन षड्जाच्या तारांपैकी एक) लंगोटापाशी, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवतात तिथे, तुटली. घरी बसवता येईल का? चारही एकदम बदलू का?

येईल. पण चारही तारा एकदम उतरवू नका. बहुतेक तंबोऱ्यांत घोडी (तारा जिच्यावरून जातात तो रुंद पूल) तारांच्या दाबावरच उभी असते. सगळ्या तारा सुटल्या की ती सरकते आणि तुमच्या आजोबांनी जपलेली जवारी, म्हणजे घोडीमुळे तारेला येणारा झणकार, हातची जाते. बाकीच्या बदलायच्याच असतील तर एक सुरात आल्यावर दुसरी काढा. आधी घोडीच्या पायांभोवती पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवा.

दुकानात जुन्या तारेचा तुकडा घेऊन जा आणि त्याच जाडीची तार मागा. जोडाच्या तारा पोलादी, साधारण ०.३० मिमीच्या असतात. खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार, पितळेचा किंवा ब्राँझचा, बराच जाड.

तार लंगोटापाशी तुटली, म्हणजे गंज किंवा फासाचा पीळ, दोन्हींपैकी एक. फास नीट जमणं हेच यातलं खरं काम. तारेचं टोक आठ-दहा सेंटिमीटर सोडून ती एखाद्या खिळ्याभोवती वळवा. आता तारेचे दोन्ही पदर एकमेकांत सारखेच पिळले गेले पाहिजेत, पाच-सहा पीळ. नवखे लोक ताठ तारेभोवती फक्त मोकळं टोक गुंडाळतात; तसा फास ताण आला की घसरतो. पिळानंतर टोक आडवं घेऊन तीन-चार घट्ट वेढे द्या आणि मग कापा. कापताना टोक फडक्यात धरा, पोलाद डोळ्याकडे उडतं.

फास लंगोटात अडकवला की लगेच मणी (सूर बारीक जुळवायचा) ओवा. हा हमखास विसरतो, आणि वर खुंटीला वेढे देऊन झाल्यावर सतरंजीवर पडलेला दिसतो. पुढे घोडीवरून, हाडाच्या पट्ट्यांमधून, शेजारच्या तारेसारखीच वाट. खुंटीपुढे एक वीत तार जास्त ठेवा, वेढे तीन-चार, एकावर एक न चढवता.

ग्वाल्हेरच्या मे महिन्यात लाकूड आटतं आणि खुंटी थांबत नाही. खडू घासा आणि आत दाबत फिरवा. पावसाळ्यात अडकली तर किंचित कोरडा साबण लावा. तेल कधीच नको.

सूर लावताना जवारीचा दोरा (घोडीवर तारेखाली असतो तो) काढून ठेवा, मणी मध्यावर घ्या आणि तार छेडत हळूहळू चढवा. नवी तार दोन-तीन दिवस उतरत राहते, तेवढी पुन्हा लावावी लागते. बारीक फरक मण्याने: लंगोटाकडे ओढला की सूर चढतो, घोडीकडे सरकवला की उतरतो. तंबोरा काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा) असेल आणि घरात कुणी तो काळी चारला चढवत असेल, तर नवी तारही तुटेल.

शेवटी दोरा केसाकेसाने सरकवा, दोन्ही जोड सारखे बोलू लागेपर्यंत. तरीही नवी तार मुकी वाटली तर घोडीला कानस किंवा पॉलिशपेपर लावू नका. तंबोरा जवारी लावणाऱ्याकडे द्या.