कलाविषयक मासिकांत फोटो आणि लेख देऊन पोट भरेल का?

प्रश्न: माझी मुलगी कोल्हापुरात बीएफएच्या (ललित कलेच्या पदवीच्या) शेवटच्या वर्षाला आहे. चित्रं चांगली काढते, कॅमेरा सतत हातात असतो. कॉलेज संपल्यावर कलाविषयक मासिकांसाठी फोटो काढायचे आणि लिहायचं, असं तिने ठरवलंय. तिला अडवू, की आधी एमए करायला सांगू?
– एक वडील, कोल्हापूर

नमस्कार.

अडवू नका. मात्र मासिकातली नोकरी वेगळी आणि मासिकासाठीचं काम वेगळं, हे तिच्याशी बसून बोला. कलाविषयक मासिकाच्या कार्यालयात माणसं मोजकी असतात. अंक उभा राहतो तो बाहेरच्यांच्या लेखांवर, चित्रांवर, फोटोंवर. त्यांना मानधन मिळतं, तेही बहुतेकदा अंक निघाल्यावर. नुसत्या मानधनावर घर चालत नाही. पैसे येतात ते आजूबाजूच्या कामांतून: कलादालनासाठी प्रदर्शनाचे फोटो, कॅटलॉगचा मजकूर, पुस्तकांची मुखपृष्ठं, शिकवणं. पण हे काम कुणाला द्यायचं हे ठरवताना लोक छापून आलेलं पाहतात, म्हणून मासिकातलं काम मला फार मोलाचं वाटतं.

चित्र, कॅमेरा आणि लेखणी एकाच माणसाकडे असणं ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. बडोद्याचे ज्योती भट्ट मूळचे चित्रकार आणि मुद्राचित्रकार, म्हणजे ठशांवरून चित्रं छापणारे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांनी खेड्यांतल्या भिंतींवरची चित्रं, रांगोळ्या, लोककला यांचे फोटो काढले. सारवणाबरोबर पुसून जाणारी ती कला आज अभ्यासकांना दिसते ती अशा फोटोंमुळे. बडोद्यातच गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर यांनी १९६९ ते १९७३ या काळात ‘वृश्चिक’ हे छोटं नियतकालिक चालवलं, म्हणजे चित्रकारच संपादक होते. मराठीत द. ग. गोडसे नेपथ्य करत, मुखपृष्ठं करत आणि कलेवर तितक्याच अधिकाराने लिहीत. तुमच्या मुलीला ही नावं ठाऊक नसतील तर आधी ग्रंथालयात पाठवा.

आता कौशल्याचं. हौसेने फोटो काढणारे पुष्कळ आहेत, पण चित्राचा छापण्याजोगा फोटो काढणारे कमी. कॅमेरा चित्राला समांतर हवा, दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांतून सारखा प्रकाश हवा, तैलरंगावरची चकाकी पोलरायझिंग फिल्टरने मारावी लागते आणि पहिल्या फोटोत रंगपट्टी, म्हणजे ठरावीक रंगांच्या नमुन्यांची पट्टी, ठेवावी लागते, म्हणजे छापताना चित्रातला गेरू विटकरी होत नाही. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. फोटो आठ इंच रुंद छापायचा तर रुंदीला २४०० पिक्सेल हवेत. शिवाय प्रत्येक फोटोसोबत चित्रकाराचं नाव, शीर्षक, साल, माध्यम, आकार आणि चित्र कुणाच्या संग्रहातलं आहे ते लिहून द्यायची सवय तिने आत्तापासून लावावी. अशा माणसाला संपादक पुन्हा बोलावतात.

विषयासाठी लांब जायला नको. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या गावात ती राहते. शहरातल्या एखाद्या ज्येष्ठ चित्रकाराचा स्टुडिओ निवडावा, त्यांना बोलतं करावं, सहा-सात नेमके फोटो आणि हजारभर शब्दांचा लेख करावा. मुंबईच्या ‘मार्ग’सारख्या, १९४६पासून निघणाऱ्या नियतकालिकाचे अंक एकेका विषयावर असतात, म्हणून तिथे पत्र लिहिण्याआधी जुने अंक चाळावेत. तिथे इंग्रजी लागेल. मराठीत दिवाळी अंक आहेतच. त्यांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, गणपतीत पाठवलेला लेख उशिराचा ठरतो.

हक्कांबाबत तुम्ही स्वतः लक्ष घाला. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर फोटोच्या हक्कांचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणून काम घेतानाच हक्क कुणाकडे राहणार ते लिहून घ्यावं. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. ‘सर्व हक्क कायमचे’ असं कुठे दिसलं तर सही करण्याआधी मला कळवा. फोटोखाली नाव छापलं जाईल हेही त्यातच लिहून घ्या.

एमएचं म्हणाल, तर पदवीनंतर लगेच नको. वर्षभर तिला काम करू दे, आणि तेवढं वर्ष घरून आधार द्या. चार-पाच लेख छापून आल्यावर आपल्याला काय येत नाही ते तिचं तिलाच कळेल. इतिहास कमी पडतो असं वाटलं तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलेतिहासाचं पदव्युत्तर शिक्षण आहे. त्याच्या प्रवेशासाठी हे छापील काम जोडता येईल.